तेराव्यानंतरची सही

खंडाप्पा मगदूम २७ जून १९६० रोजी वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. मृत्युपत्र नव्हतं. दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं आणि काही चीजवस्तू एवढी इस्टेट होती. दोन-अडीच वर्षांत हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला. या सगळ्यात आपला हिस्सा सात-चोविसांश आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मुलाने, गुरुपादने, दावा लढवला. खालच्या न्यायालयाने त्यांना फक्त एक-चोविसांश दिला, उच्च न्यायालयाने तो सात-चोविसांश केला, आणि एप्रिल १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी या बाईंचा हिस्सा किती हे ठरलं. ‘गुरुपाद विरुद्ध हिराबाई’ हा निकाल आजही देशभरातल्या कायद्याच्या वर्गांत शिकवला जातो.

एवढा फरक पडला कुठे? हिंदू वारसा कायद्याप्रमाणे एकत्र कुटुंबातला पुरुष वारला की त्याच्या मृत्यूच्या अगदी आधी वाटणी झाली असती तर कोणाला किती आलं असतं, ते प्रथम मनाशी मांडायचं. ही कल्पित वाटणी. खंडाप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे, म्हणजे चार हिस्से, प्रत्येकी पाव. मग खंडाप्पांचा पाव हिस्सा सहा वारसांत वाटायचा : पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकाला एक-चोविसांश. हिराबाईंना हा एक-चोविसांश तर मिळायचाच, शिवाय कल्पित वाटणीतला पाव, म्हणजे सहा-चोविसांशही त्यांचाच. खालच्या न्यायालयाने हा पाव हिस्सा धरलाच नव्हता. वरच्या न्यायालयांनी सांगितलं, की कल्पना एकदा केली की ती शेवटपर्यंत न्यायची, अर्ध्यावर सोडायची नाही.

या हिशेबात तीन मुली कुठे आहेत ते पाहा. प्रत्येकीला एक-चोविसांश, भावाला सात-चोविसांश. एकाच आईच्या पोटची लेकरं, आणि कायद्यानेच एकाला सातपट. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्वच मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. त्या तारखेला वडील हयात असायला हवे होते का, यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा जिवंत असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने पुऱ्या झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. आज खंडाप्पांसारखाच मृत्यू झाला तर कल्पित वाटणीत सात हिस्से पडतील, आणि सगळी बेरीज करून आई, दोन भाऊ आणि तीन बहिणी या सहाही जणांना बरोबर एक-षष्ठांश येईल. एक-चोविसांशावरून एक-षष्ठांश, म्हणजे बहिणीचा हिस्सा चौपट झाला. कायद्यात झाला. गावच्या दप्तरात किती बहिणींच्या नावावर तो उतरतो, हा या प्रकरणाचा खरा विषय आहे.

मालमत्ता वडिलांनी स्वतः कमावलेली असेल तर हिशेब आणखी सरळ. विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई, हयात असेल तर, या सर्वांना समान हिस्सा. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची लेकरं त्या शाखेचा एक हिस्सा आपसांत घेतात. मृताचे वडील या पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. आजी जिवंत असताना मुलगा गेला की तिचाही हिस्सा निघतो, हे बहुतेक घरांत कुणाच्या ध्यानीमनीच नसतं. आणखी एक गैरसमज गावोगाव ऐकू येतो : आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जितच. तसं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वडिलांना ती आजोबांचे वारस म्हणून मिळाली असेल, तर ती त्यांची स्वतःची मालमत्ता धरली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितलं आहे. हे सारं हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांबद्दल. मुस्लिम कुटुंबात हिस्से शरियतप्रमाणे पडतात, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो.

हिस्से कायद्याने इतके स्पष्ट असताना भांडणं का होतात? माझ्या मते बरीचशी भांडणं लोभाने सुरू होत नाहीत. तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते तिथे ती सुरू होतात. पहिली, मृताच्या जागी सगळ्या वारसांची नावं लावणं. दुसरी, त्या वारसांत प्रत्यक्ष वाटणी करणं. तिसरी, एखाद्याने आपला हक्क सोडणं. पहिली गोष्ट लगेच करायची, दुसरी सवडीने, तिसरी मनापासून वाटली तरच आणि सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे उलट होतं. तेरावा झाला, पाहुणे पांगायच्या आत सगळी भावंडं एकत्र आहेत, पुन्हा कधी जमतील सांगता येत नाही, म्हणून थोरला भाऊ म्हणतो, ‘ताई, जाताजाता तेवढी एक सही करून जा. नुसतं सातबाऱ्यासाठी.’ ताई डोळे पुसत सही करते. ती सही कशावर होती, हे तिला काही वर्षांनी कळतं.

सातबाऱ्याला खरं तर तशी कुठली सही लागतच नाही. वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) द्यावी, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं, पत्ते, नाती यांचं प्रतिज्ञापत्र. एकाच वारसाने दिलं तरी चालतं, आता ऑनलाइनही देता येतं. नावं आधी गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत चढतात, मग नमुना सहामध्ये फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर ‘वारस लागतात’. यात बहिणीने काही सोडायचं नसतं, तिचं नाव आपोआप यायला हवं. गफलत त्या प्रतिज्ञापत्रात होते. कोणी दोनच मुलं दाखवतं, मुली गाळतं. म्हणून बहिणींनी, त्या कुठेही नांदत असोत, त्या गटाचा सातबारा आणि फेरफार वर्षातून एकदा तरी संकेतस्थळावर पाहावा. माहेरावर अविश्वास म्हणून नव्हे. बँकेचं पासबुक जसं आपण बघतो, तसंच.

आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क गेला, असंही समजायचं कारण नाही. महसुली नोंद सारावसुलीसाठी असते, मालकी तिने निर्माण होत नाही की बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे जमीन सगळ्यांची, नाव एकाचं. दोन पिढ्यांनी थोरल्याची नातवंडं म्हणतात, आमच्या आज्याचं नाव आहे, तुमचं कुठे आहे? ती तीन अक्षरं तेव्हा फार मोलाची ठरतात. वर्षानुवर्षं मृतांच्याच नावावर राहिलेल्या जमिनींसाठी शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, ती याच दुखण्यावर. ज्यांचे वारस अजून लागले नसतील त्यांनी भांडण मिटायची वाट पाहू नये. भांडण असलं तरी सगळ्यांची नावं लागू शकतात. ती लागली की भांडणाची धारही बरीच कमी होते, कारण कोणालाच एकट्याने सगळी जमीन विकता येत नाही.

शहरात सातबाऱ्याची जागा नॉमिनेशन घेतं. बाबांनी सोसायटीत धाकट्याला नॉमिनी केलं होतं म्हणून फ्लॅट धाकट्याचा, ही समजूत पुण्या-मुंबईत घट्ट बसली आहे आणि पुनर्विकासाचा करार आला की ती स्फोटक बनते. नॉमिनी हा मालक नव्हे. सोसायटीने, बँकेने, कंपनीने कोणाशी व्यवहार करायचा ते नॉमिनेशन सांगतं. पैसा किंवा घर शेवटी वारसांचं किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याचं. विम्याबाबत १९८३ मध्ये असं ठरलं होतं, मात्र २०१५ च्या दुरुस्तीने जवळच्या नात्यातल्या नॉमिनीबाबत नियम बदलला. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतचा वाद ज्या खटल्याने मिटला तो मराठी घराघरांतल्या भिंतीशी जोडलेला आहे : ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेचा. त्यांचं मृत्युपत्र होतं, काही गुंतवणुकींवर नॉमिनी निराळे होते, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनी कायद्यातलं नॉमिनेशन वारसाहक्काला मागे टाकत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थेतला नॉमिनी हा हंगामी सदस्य मानला जातो, वारस ठरेपर्यंतचा. तेव्हा धाकट्याने ‘माझंच आहे’ म्हणू नये आणि थोरल्याने त्याला चोर ठरवू नये. त्याच्या हाती विश्वस्ताचं काम आलं आहे.

आता बहिणीच्या सहीकडे येऊ. हक्कसोडपत्र हा कायदेशीर आणि प्रसंगी अतिशय योग्य दस्त आहे. बहीण सुखात आहे, भाऊ कोरडवाहू दोन एकरांवर राबतो आहे, आईला तोच सांभाळतो आहे, आणि तिला मनापासून वाटतं की जमीन त्याच्याकडेच राहावी. तिने जरूर सोडावं. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मालमत्तेच्या अशा दस्ताला महाराष्ट्रात मुद्रांकही नाममात्र लागतो. पण तो दुय्यम निबंधकासमोर नोंदवावाच लागतो, आणि नोंदला की परत फिरत नाही. भाऊ पुढे बोलेनासा झाला, भाऊबीज बंद पडली, आईला घराबाहेर काढलं, तरी हक्कसोड केवळ तेवढ्याने रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि सिद्ध करायला साक्षीदार कोण, तर त्याच घरातली माणसं.

‘हिस्सा घेतलास तर माहेर तुटेल’ हे वाक्य उच्चारलं जातं किंवा नुसतं हवेत असतं. त्याची ताकद कमी लेखू नये. नवऱ्याशी पटलं नाही, नोकरी गेली, म्हातारपण आलं, तर जायला एक दार असावं, एवढ्यासाठी बायका लाखोंच्या जमिनीवर पाणी सोडतात. त्यांना व्यवहार कळत नाही असं अजिबात नाही. त्या विम्याचा हप्ताच भरत असतात, फक्त पॉलिसीचा कागद त्यांच्या हाती नसतो. पुढच्या पिढीत भाऊ गेला आणि भाचे दाराशी आले, की ती पॉलिसी संपते. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की हक्कसोड तेराव्याला होता कामा नये, वर्षश्राद्धाच्या आधीही नको. दस्ताचा मसुदा बहिणीने घरी न्यावा, आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवावा, आणि तीन गोष्टी पाहाव्यात. हक्क कोणाच्या नावाने सोडते आहे : सगळ्या भावंडांच्या, एकाच भावाच्या, की आईच्या? आईच्या नावाने सोडला तर आईचं घरातलं स्थान भक्कम होतं, हा मार्ग फार कमी वापरला जातो. कोणत्या मालमत्तेवरचा हक्क सोडते आहे : शेताचाच, की ‘सर्व स्थावर-जंगम’ असं मोघम लिहून राहतं घर आणि बँकेतल्या ठेवीही त्यात ओढल्या आहेत? आणि मोबदला मिळणार असेल तर तो दस्तात लिहिला आहे का?

वडील जिवंत असताना ‘मी पुढे हिस्सा मागणार नाही’ असं लिहून घेण्याची पद्धतही आहे, विशेषतः लग्नात खर्च झाला तेव्हा. वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेबद्दल अशा नुसत्या लिहिण्याला अर्थ नसतो. वारस होण्याची शक्यता हा हस्तांतर करता येईल असा हक्कच नव्हे, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं सहावं कलम सांगतं. लग्नाचा खर्च म्हणजे हिस्सा मिळाला, हा हिशेबही कायद्याला माहीत नाही.

हक्क सोडणं आणि सगळं मागून घेणं यांच्या मधला एक रस्ता आहे, तो फार थोड्या घरांत वापरला जातो. नाव सातबाऱ्यावर ठेवायचं, जमीन भावाने कसायची, आणि उत्पन्नाचं काय करायचं ते आपसांत लिहून ठेवायचं. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ उभी केली, नवऱ्यांनी राजीखुशीने बायकांच्या नावे जमीन करून दिली, पुढे १९९२ मध्ये शासनानेही पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची योजना आणली. तेव्हाही घर मोडेल अशी भीती घातली गेलीच असेल. बायकोचं नाव लागून जशी घरं टिकली, तशी बहिणीचं नाव लागूनही टिकतील, असं मला अगदी मनापासून वाटतं.

बायकांच्या स्वतःच्या मालमत्तेबद्दल एक कठोर गोष्ट इथेच सांगायला हवी. मूलबाळ नसलेली विवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि नवराही हयात नसला, तर तिने स्वतः कमावलेलं सारं नवऱ्याच्या वारसांकडे जातं. आई-बापांकडून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परततं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशा एका स्त्रीचं प्रकरण आलं होतं, जिला लग्नानंतर अल्पावधीत वैधव्य आलं, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवून उभं केलं. तिच्या मृत्यूनंतर तिच्या कमाईवर तिची आई आणि सासरची माणसं दोघांनीही हक्क सांगितला. न्यायालयाने कायद्याचा शब्द पाळला आणि संपत्ती सासरकडे गेली. नोकरी करणाऱ्या प्रत्येक एकट्या स्त्रीने हा निकाल ध्यानात ठेवून मृत्युपत्र करावं.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढ्यावर ते होतं. साक्षीदार लाभार्थी नसावेत आणि शक्यतो वयाने लहान असावेत, कारण पुढे त्यांनाच साक्षीला उभं राहायचं असतं. नोंदणी केली तर खोटेपणाचा आरोप करणं अवघड जातं, पण शेवटचं मृत्युपत्र साध्या कागदावरचं असलं तरी आधीच्या नोंदलेल्या मृत्युपत्राला ते मागे टाकतं. ज्यांना मुलांना कमी-जास्त द्यायचं आहे त्यांनी कारण लिहावं, दोन ओळी पुरतात. कारण न लिहिता एकाला डावललं की उरलेलं आयुष्य ते मूल बापाच्या मनात काय होतं याचा शोध घेत राहतं, आणि तो शोध कोर्टात जातो.

कागद झाले, पण घरात खदखदत असतं ते निराळंच. ‘आईचं हगणं-मुतणं मी काढलं, तुम्ही अमेरिकेतून फोन करत होतात.’ ‘तू फुकट राहत होतास बाबांच्या घरात, वीस वर्षं भाडं वाचलं तुझं.’ दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. हिंदू वारसा कायदा सेवेचे गुण देत नाही. सांभाळणारी मुलगी आणि न फिरकणारा मुलगा त्याच्या लेखी सारखेच. हे अन्यायकारक वाटणं स्वाभाविक आहे, आणि ते टेबलावर यायला हवं. माझा अनुभव सांगतो की हिस्स्यांच्या चर्चेत सेवेचा विषय घुसडला की दोन्ही बिघडतात. आधी इस्पितळाचा, औषधांचा, रात्रपाळीच्या बाईचा खर्च कोणी किती केला त्याचा हिशेब मांडावा आणि तो एकत्र इस्टेटीतून फेडावा. मग सांभाळणाऱ्याला सर्वांनी मिळून काही जादा द्यावं की नाही, हे हिस्से मान्य झाल्यावर, देणं म्हणून बोलावं. हक्क म्हणून मागितलं तर भावंडं अडतात. कृतज्ञता म्हणून पुढे केलं तर देतात. सगळीच नाही, पण पुष्कळ.

आईच्या दागिन्यांवरून होतात तेवढी कडू भांडणं जमिनीवरूनही होत नाहीत. कारण दागिन्यांची नोंद कुठेच नसते आणि आठवणी मात्र सगळ्यांना असतात. पाटल्या धाकटीला द्यायच्या असं आई म्हणाली होती, मोठीने ते ऐकलंच नव्हतं. म्हणून मृत्यूनंतर पहिल्या महिन्यात यादी करावी. लॉकर उघडताना किमान दोन भावंडांनी हजर राहावं, फोटो काढावेत, वजन लिहावं. त्याच यादीत ठेवी, पीपीएफ, पेन्शनची थकबाकी, शेअर, विमा, कर्ज, हातउसने, सोसायटीची थकबाकी हे सगळं यावं आणि यादी प्रत्येकाला पाठवावी. कागदपत्रांची पिशवी ज्याच्याकडे राहते त्याच्यावर संशय येतोच. यादी वाटून टाकणं हे त्याच्याच हिताचं आहे.

या बाबतीत गोवा पुढे आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली, आणि २०१२ च्या गोवा वारसा कायद्याने नव्याने बांधलेली ‘इन्व्हेंटरी’ची पद्धत आहे. धर्म कोणताही असो, मुलगा असो की मुलगी, हिस्सा सारखा. पती-पत्नीची मालमत्ता बहुधा सामाईक, त्यामुळे एकजण गेला की अर्धं दुसऱ्याचं आधीच असतं. उरलेल्याच्या निम्म्यावर मुलांचा हक्क अबाधित, मृत्युपत्रानेही तो काढून घेता येत नाही. न्यायालय एका वारसाला प्रमुख नेमतं, त्याने शपथेवर वारसांची, मालमत्तेची आणि कर्जाची यादी द्यायची. हरकती ऐकल्या जातात, मूल्यांकन होतं. मग वारसांतच बोली लागते. ज्याला घर हवं त्याने वाढवून बोली करावी आणि आपल्या हिश्शावरची रक्कम इतरांना द्यावी. ज्याचं त्या घरावर खरं प्रेम आहे त्याला ते किंमत मोजून मिळतं, बाकीच्यांना पैसा मिळतो, घराचे चार तुकडे होत नाहीत. देशोदेशी पांगलेल्या वारसांमुळे तिथलीही प्रकरणं रेंगाळतात, हे खरं. पण यादी आणि आपसांतली बोली या दोन गोष्टी महाराष्ट्रातल्या कुटुंबांना न्यायालयाविनाही उचलता येतील. एका भावाला घर, दुसऱ्याला शेत, बहिणीला ठेवी, आणि फरकाची रक्कम हप्त्याने, हे बसून ठरवता येतं.

बसायचं कसं, हेही सांगतो. घरात नको, त्या घराच्या भिंतींनाच वाद आहे. सुना-जावयांना पहिल्या बैठकीला बोलवू नये, दुसरीला जरूर बोलवावं, कारण त्यांना विश्वासात न घेता झालेलं ठरवणं रात्रीतून मोडतं. मध्यस्थ म्हणून मामा किंवा आत्येभाऊ, ज्याला इस्टेटीत काही मिळायचं नाही आणि ज्याच्यासमोर सगळे आवाज खाली ठेवतात असा. परदेशातलं भावंड व्हिडिओवर असावं. त्याने मुखत्यारपत्र द्यायचं तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं. जे ठरलं ते लिहावं. कौटुंबिक व्यवस्थेकडे न्यायालयं आस्थेने पाहतात. १९७६ मध्ये ‘काले’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आपसांत तोंडी ठरलेली प्रामाणिक व्यवस्थाही वैध असते आणि तिची नंतर केलेली नुसती टिपणी नोंदवावी लागत नाही. पण ज्या कागदानेच हक्क बदलतात तो नोंदवलाच पाहिजे, आणि माझा सल्ला विचाराल तर संदिग्धता ठेवू नये, वाटणीपत्र नोंदवून टाकावं. शेतजमिनीची सर्वसंमतीने वाटणी असेल तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारही ती करून देतात. मग मोजणी, हद्दी, खातेफोड. तुकडा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान पडत असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, म्हणून वाटणी ठरवण्याआधी क्षेत्र तपासावं. तीन भावांना प्रत्येकी चार गुंठे देण्यापेक्षा एकाने जमीन ठेवून दोघांना पैसे देणं बहुधा शहाणपणाचं.

एखादा चिडून आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकायला निघतो. वारसाने एकत्र मिळालेल्या मालमत्तेत इतर वारसांना तो हिस्सा आधी घेण्याचा हक्क वारसा कायद्याचं बाविसावं कलम देतं, शेतजमिनीलाही ते लागू आहे असं २०१९ मध्ये स्पष्ट झालं. आणि राहत्या घरातला हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला घरात घुसून राहता येत नाही, त्याने वाटणी मागितली तर कुटुंबातल्या माणसाला तो हिस्सा योग्य किमतीत विकत घेता येतो.

बोलणी फसलीच तर तालुका विधी सेवा समितीकडे दाव्याआधीच जाता येतं. लोकअदालतीत झालेला निवाडा दिवाणी हुकुमाइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही, आणि दावा आधीच दाखल असेल तर कोर्ट फी परत मिळते. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, आणि महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात त्यांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. ‘वकिलाला द्यायला पैसे नाहीत’ म्हणून गप्प बसलेल्या बहिणीला हे कोणीतरी सांगायला हवं.

दावा लावायचाच तर एकदाच, सगळ्या मालमत्तेचा आणि सगळ्या वारसांना सामील करून लावावा. एखादी बहीण गाळली किंवा एखादा गट विसरला, तर आधी तीच दुरुस्ती करत बसावं लागतं. दाव्याबरोबरच दुय्यम निबंधकाकडे दावा प्रलंबित असल्याची नोटीस नोंदवावी, म्हणजे मध्येच कोणी विकलं तरी घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही. वाटणीच्या दाव्यात हुकूम दोन होतात. पहिला प्राथमिक, त्यात हिस्से ठरतात. दुसरा अंतिम, त्यात प्रत्यक्ष कोणता तुकडा कोणाचा ते ठरतं. शेतजमीन असेल तर ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, घराचं असेल तर न्यायालयाचा कमिशनर पाहणी करतो. प्राथमिक हुकूम हातात आला की लोक जिंकल्याच्या आनंदात घरी जातात आणि अंतिम हुकुमासाठी अर्ज करायचा राहून जातो, अशी प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहिली आहेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वेगळ्या अर्जाची वाट न पाहता खालच्या न्यायालयांनी स्वतःहून पुढची तारीख लावावी. तरीही प्राथमिक हुकूम झाल्याच्या दिवशीच आपल्या वकिलाला पुढची तारीख विचारून घ्यावी आणि मोजणीची फी भरून टाकावी.